नैराश्य : हृदयविकाराची न मोजलेली जोखीम

हृदयाची तपासणी करून घेण्यासाठी गेलेल्या माणसाला कोणते प्रश्न विचारले जातात, हे आता बहुतेकांना पाठ झाले आहे. वय किती, रक्तदाब आहे का, मधुमेह आहे का, तंबाखूचे व्यसन आहे का, वडिलांना किंवा भावाला हृदयविकाराचा झटका आला होता का. त्यानंतर रक्ताचा नमुना दिला जातो, ईसीजी निघतो, ट्रेडमिलवर चालून होते आणि कोलेस्टेरॉलचे आकडे हाती पडतात. एवढ्या सोपस्कारांत एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो : गेले काही दिवस मन कशात लागते का?

हा प्रश्न आपुलकीचा वाटतो, वैद्यकीय वाटत नाही. तो वगळला जाण्याचे कारणही बहुधा हेच असावे. कर्जाच्या अर्जात अर्जदाराच्या एखाद्या जुन्या देण्याची नोंद राहून गेली, तर बाकीचे सगळे आकडे बिनचूक असूनही जोखमीचा अंदाज चुकतो. हृदयरोगाच्या हिशेबात नैराश्याचे असेच होत आले आहे. दीर्घकाळ टिकणारे नैराश्य ज्यांना असते, त्यांना हृदयविकार होण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. आणि ज्यांना एकदा झटका येऊन गेला आहे, त्यांच्या बाबतीत तर हे नैराश्य जिवावर बेतू शकते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या संशोधनातून ही गोष्ट पुरेशी स्पष्ट झाली आहे.

निराशा आणि नैराश्य

‘डिप्रेशन आले’ हा शब्दप्रयोग अलीकडे इतका सैल झाला आहे की, भारतीय संघ सामना हरला तरी तो वापरला जातो. बढती हुकली, मनाविरुद्ध बदली झाली, मुलाला हव्या त्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला नाही, म्हणून वाटणारी खिन्नता ही निराशा होय. ती येते, काही दिवस राहते आणि ओसरते. आजार म्हणून ज्याला नैराश्य म्हणतात, ते निराळे. त्यात किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहते किंवा ज्या गोष्टींत पूर्वी रस होता त्यांतला रस आटतो. झोप बिघडते, भूक मंदावते किंवा भलतीच वाढते, थोड्याशा कामाने थकवा येतो, लक्ष एकाग्र होत नाही, निर्णय घेणे जड जाते, आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असे वाटू लागते. काहींच्या मनात मरणाचे विचार येतात.

आपल्या देशातील चित्र बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने १२ राज्यांत २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातून समोर आले. प्रौढांपैकी साधारणतः दर वीस जणांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने गाठलेले होते, आणि अशा रुग्णांपैकी फार मोठा हिस्सा कोणत्याही उपचारांपर्यंत पोहोचलेलाच नव्हता. ज्या आजाराची चिठ्ठी नाही, औषध नाही, ज्याचा घरातही उच्चार नाही, तो हृदयरोगतज्ज्ञाच्या कागदावर उमटणार कसा?

जुना संशय, नवा पुरावा

मनातील खळबळ हृदयापर्यंत पोहोचते, हे निरीक्षण नवे नाही. रक्ताभिसरणाचा शोध मांडणाऱ्या विल्यम हार्वे यांनी १६२८ सालच्या आपल्या ग्रंथात ते नोंदवून ठेवले आहे. १९३७ मध्ये बेंजामिन माल्झबर्ग या अमेरिकन संशोधकाने न्यू यॉर्क राज्यातील मनोरुग्णालयांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गंभीर विषण्णतेच्या रुग्णांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे त्यांना आढळले. परंतु या निरीक्षणाकडे पुढे कित्येक दशके कुणी फारसे वळून पाहिले नाही.

मधल्या काळात भलत्याच गोष्टीचा बोलबाला झाला. १९५९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या हृदयरोगतज्ज्ञांनी ‘ए टाईप’ व्यक्तिमत्त्वाची कल्पना मांडली : सदैव घाईत असणारा, स्पर्धेने पेटलेला, घड्याळाकडे पाहत जगणारा माणूस. त्यांच्या दवाखान्यातील खुर्च्या पुढच्या कडेलाच झिजतात, हे प्रथम गाद्या बदलणाऱ्या कारागिराच्या ध्यानात आले, अशी गोष्ट ते सांगत. गोष्ट लक्षात राहण्याजोगी, आणि आपण हृदयविकारास पात्र आहोत म्हणजे कर्तबगार आहोत, असा एक गोड समजही तिच्यातून मिळे. पुढच्या मोठ्या अभ्यासांत मात्र या कल्पनेला भक्कम दुजोरा मिळाला नाही. या विषयावरील संशोधनाला तंबाखू उद्योगाने पैसा पुरवला होता, हेही त्या उद्योगाची कागदपत्रे खुली झाल्यावर उघड झाले. धूम्रपानाऐवजी स्वभावाला दोषी ठरवणारा सिद्धान्त त्या उद्योगाला प्रिय वाटावा, यात नवल नाही.

खरे वळण १९९३ मध्ये आले. कॅनडातील माँट्रियल हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये नॅन्सी फ्रॅशूर-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या २२२ रुग्णांशी, ते रुग्णालयात असतानाच, सविस्तर बोलून कोणाला नैराश्य आहे याची नोंद केली. नंतर सहा महिने त्यांचा मागोवा घेतला. हृदयाची कमजोरी, पूर्वीचा झटका अशा गोष्टी हिशेबात धरूनही, नैराश्य असलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण इतरांच्या चौपटीहून अधिक भरले. अभ्यास लहान होता. एकूण मृत्यू १२ होते, आणि एवढ्या लहान आकड्यांवरून काढलेल्या पटींवर फार भार टाकू नये. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर ही चौपट साधारण दुपटीवर आली. पण दुप्पट हाही काही दुर्लक्ष करण्याजोगा आकडा नव्हे.

हे झाले आधीच हृदयरोग असलेल्यांविषयी. ज्यांचे हृदय आज धडधाकट आहे त्यांचे काय? २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात भारतासह ५२ देशांतील सुमारे ३०,००० लोकांची माहिती गोळा करण्यात आली. त्यांतील निम्म्यांना पहिला झटका नुकताच आलेला होता. मूळचे केरळचे डॉ. सलीम युसूफ यांनी कॅनडातून या कामाचे नेतृत्व केले. जगभर हृदयविकाराच्या झटक्यांमागे जी नऊ कारणे प्रामुख्याने आढळली, त्यांत तंबाखू, कोलेस्टेरॉलमधील बिघाड, रक्तदाब, मधुमेह यांच्या पंक्तीत ताण आणि नैराश्य यांचा गट येऊन बसला. दक्षिण आशियातील लोकांविषयी याच अभ्यासातून निघालेली एक गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. आपल्याकडे पहिल्या झटक्याचे मध्यम वय ५३ भरले, इतर देशांत ते सुमारे ५९ होते. म्हणजे मुलांची शिक्षणे आणि घराचे हप्ते चालू असतानाच.

‘इंटरहार्ट’वर एक रास्त आक्षेप घेता येतो. झटका येऊन गेलेल्या माणसाला ‘तुम्ही आधी उदास होता का’ असे विचारले, तर तो आजच्या चष्म्यातून कालचे दिवस पाहणार. ही अडचण ‘प्युअर’ या दुसऱ्या अभ्यासात नव्हती, कारण तेथे लोकांना आधी प्रश्न विचारून नंतर वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. भारतासह २१ देशांतील सुमारे १,४६,००० लोकांवरील त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्याची चार किंवा अधिक लक्षणे असलेल्यांना हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार होण्याचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी अधिक आढळला. शहरांत आणि पुरुषांत हा संबंध जास्त ठळक होता. त्याआधीच्या अनेक अभ्यासांच्या बेरजेत हाच धोका दीडपट ते पावणेदोनपट येत असे.

या पटींचा अर्थ नीट लावणे आवश्यक आहे. समजा, एखाद्याला पुढील दहा वर्षांत हृदयविकार होण्याची शक्यता शंभरात सहा आहे. ती दीडपट झाली तर शंभरात नऊ होते. नव्वद होत नाही. म्हणून नैराश्य असलेल्या माणसाने ‘आता हृदयही गेले’ अशी आणखी एक चिंता डोक्यावर घेण्याचे कारण नाही. पण ज्याला आधीच मधुमेह आहे आणि जो सिगारेट ओढतो, त्याचा मूळ आकडाच मोठा असल्याने ही दीडपट त्याला फार महाग पडते.

मनातून हृदयाकडे जाणारे मार्ग

उदास मन रक्तवाहिनीपर्यंत पोहोचते कसे? मार्ग एक नाही, अनेक आहेत, आणि ते एकमेकांत मिसळलेले आहेत.

संकट आले की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनालिन ही संप्रेरके रक्तात सोडतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, साखर वाढते. पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी ही व्यवस्था उत्तम. मात्र संकट टळताच ती बंद व्हावी अशी अपेक्षा असते. नैराश्य आलेल्या अनेकांच्या शरीरात ती पुरती बंद होतच नाही. रात्री दुकान बंद झाल्यावरही दिवे जळत राहावेत तसा हा प्रकार असतो. त्यातून रक्तदाब, पोटावरची चरबी आणि साखर या तिन्हींना हळूहळू हातभार लागत राहतो.

दुसरा मार्ग हृदयाच्या ठोक्यांचा. निरोगी हृदय घड्याळाप्रमाणे एकसारख्या अंतराने पडते, ही समजूत खरी नाही. श्वास घेताना ते किंचित जलद होते, सोडताना किंचित मंदावते. हा लवचिकपणा चांगल्या प्रकृतीचे लक्षण मानला जातो. नैराश्यात तो कमी झालेला आढळतो, आणि झटका येऊन गेलेल्या हृदयात तो कमी असणे हे ठोक्यांची लय बिघडण्याच्या दृष्टीने धोक्याचे असते.

तिसरा मार्ग रक्तबिंबिकांचा, म्हणजे प्लेटलेटचा. जखम झाली की एकमेकींना चिकटून रक्त थांबवणाऱ्या या सूक्ष्म पेशी. ज्या सेरोटोनिनचे नाव नैराश्याच्या संदर्भात नेहमी ऐकू येते, त्याचा मोठा साठा या बिंबिका स्वतःजवळ बाळगतात. नैराश्याच्या काही रुग्णांत त्या गरजेपेक्षा अधिक चिकट झालेल्या दिसतात. आणि हृदयाच्या अरुंद झालेल्या धमनीत गुठळी धरण्यासाठी तेवढे निमित्त पुरते. याखेरीज नैराश्यात शरीरभर मंद स्वरूपाचा दाह चालू असल्याचे रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनसारख्या घटकांवरून अनेकदा दिसते. धमन्यांच्या भिंतीत चरबीचे थर साचण्यामागेही असाच दाह असतो.

हे सारे वाचताना मोठे शास्त्रीय वाटते. पण सगळ्यांत रुंद रस्ता बहुधा अगदी साधा आहे. मन उदास असले की माणूस चालायला जात नाही. औषधाच्या गोळ्या चुकतात. जेवणाची वेळ राहत नाही, सिगारेट सुटत नाही, सुटलेली पुन्हा लागते. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील हृदयरोगाच्या १,०१७ रुग्णांवर डॉ. मेरी व्हूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या ‘हार्ट अँड सोल’ या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. नैराश्याची लक्षणे असलेल्यांत पुढील हृदयघटना अधिक घडल्या. परंतु व्यायामाचा अभाव, धूम्रपान, औषधांतील हयगय या गोष्टी हिशेबातून वेगळ्या काढल्यावर उरलेला फरक जवळजवळ नाहीसा झाला. त्यांतही व्यायामाच्या अभावाचा वाटा सर्वांत मोठा होता. नैराश्याच्या धोक्यातील बराचसा भाग अशा मार्गाने येतो, जो अडवता येतो, हे या अभ्यासामुळे दिसून आले.

वाहतूक उलट दिशेनेही होते. हृदयविकार स्वतःच माणसाला नैराश्याकडे ढकलतो. झटक्यातून वाचलेल्यांपैकी साधारण पाचातील एकाला पुढच्या काळात नैराश्याचा आजार जडतो. आणि नेमके इथेच सर्वाधिक गफलत होते.

‘अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू’

अँजिओप्लास्टी होऊन घरी आलेला पन्नाशीचा एखादा गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. पहिले आठ-दहा दिवस घर माणसांनी भरलेले असते. फळे येतात, कार्यालयातील सहकारी येतात, ‘वेळेवर नेले म्हणून वाचलात’ असे सगळे म्हणतात. मग घर रिकामे होते. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलेले असते. हा फाटकापर्यंत जाऊन परत येतो. वर्तमानपत्राची घडी संध्याकाळपर्यंत उलगडलेली नसते. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. नातवाने हाक मारली तर हसतो, पण ते हसणे उसने असते. पत्नीला काळजी वाटते, पण ती समजूत घालते की, एवढे मोठे दुखणे होऊन गेले, अशक्तपणा राहणारच. तपासणीच्या दिवशी डॉक्टर विचारतात, ‘छातीत दुखते का? दम लागतो का?’ दोन्हींची उत्तरे ‘नाही’ अशी खरीच असतात. फाईल बंद होते.

थकवा, झोपमोड, भूक नसणे ही लक्षणे हृदयाच्या दुखण्यातही असतात आणि नैराश्यातही. त्यामुळे फसगत होणे स्वाभाविक आहे. फरक ओळखण्याची खूण ‘रस’ या शब्दात आहे. दमलेल्या माणसाला नातवाशी खेळावेसे वाटते, पण शक्ती नसते; नैराश्य आलेल्याला खेळावेसेच वाटत नाही. डॉक्टर ज्या छोट्या चाचणीने सुरुवात करतात, तिच्यातही दोनच प्रश्न आहेत : गेल्या दोन आठवड्यांत कामांत रस किंवा आनंद वाटेनासा झाला असे किती दिवस झाले, आणि उदास किंवा हताश वाटले असे किती दिवस. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज तीन किंवा अधिक झाली, तर पुढची सविस्तर तपासणी करावी. हृदयरुग्णांना हे प्रश्न विचारावेत, अशी सूचना अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्येच केली. विचारायला दोन मिनिटेही लागत नाहीत. आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तर रुग्णाने किंवा त्याच्या घरच्यांनी आपण होऊन सांगण्यास कोणतीही आडकाठी नाही.

गृहिणींच्या बाबतीत तर वार्षिक तपासणीचा योगही क्वचित येतो. नैराश्य स्त्रियांत पुरुषांपेक्षा सुमारे दुप्पट आढळते. त्यातच स्त्रियांच्या हृदयविकाराची लक्षणे अनेकदा छातीतील कळेऐवजी धाप, मळमळ, पाठदुखी अशी येतात आणि ‘मनाला लावून घेते’ या एका वाक्यात दोन्ही आजारांचा निकाल लावला जातो.

नोकरीचा संबंध

कार्यालयात काम करणाऱ्यांसाठी लंडनमधील ‘व्हाइटहॉल’ अभ्यास जिव्हाळ्याचा ठरावा, कारण तो सरकारी कचेऱ्यांतील नोकरवर्गावरच झाला. १९६७ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या अभ्यासात हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा सर्वांत खालच्या श्रेणीत सुमारे तिप्पट आढळले; मोठ्या पदाचा ताण हृदय खातो, या समजुतीच्या नेमके उलट. १९८५ मध्ये मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १०,३०८ स्त्री-पुरुषांवर दुसरा अभ्यास सुरू झाला. ज्यांना आपल्या कामाची रीत, वेळ, क्रम यांवर स्वतःचे काहीच नियंत्रण नव्हते, त्यांच्यात हृदयविकार अधिक दिसला. ताण म्हणजे नैराश्य नव्हे. पण वर्षानुवर्षांचा असा ताण नैराश्याची वाट सोपी करतो. उद्दिष्टांच्या बैठका घेणाऱ्यांनी हा अभ्यास चाळण्यास हरकत नाही.

उपचार कितपत उपयोगी?

येथे प्रामाणिक उत्तर थोडे गुंतागुंतीचे आहे. औषधे किंवा समुपदेशन यांनी हृदयरुग्णांचे नैराश्य कमी होते, याविषयी शंका नाही. सर्ट्रालिन हे औषध झटक्यानंतरही हृदयाच्या दृष्टीने सुरक्षित असल्याचे २००२ मधील एका अभ्यासाने दाखवले. परंतु नैराश्य कमी झाले म्हणून पुढचा झटका टळतो का? अमेरिकेत २,४८१ रुग्णांवर झालेल्या ‘एनरिच्ड’ या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००३ मध्ये आले, तेव्हा समुपदेशनाने मनाची स्थिती सुधारली, पण मृत्यू व पुन्हा येणारे झटके यांत फरक पडला नाही. उलट दक्षिण कोरियातील ३०० रुग्णांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एस्सिटॅलोप्रॅम घेतलेल्या गटात सुमारे आठ वर्षांत मोठ्या हृदयघटना ४१ टक्के, तर दुसऱ्या गटात ५४ टक्के घडल्या. निकाल अजून दोन्ही बाजूंना झुकतो आहे. पण नैराश्यावरील उपचारांना हृदयाचे निमित्त तरी कशाला हवे? पाय मोडला तर तो हृदयासाठी बसवत नाहीत.

औषधांबाबत एक दक्षता मात्र हवी. नैराश्यावरील जुन्या ट्रायसायक्लिक गटातील औषधे हृदयाच्या लयीवर परिणाम करतात. नव्या गटातील काही औषधांमुळे ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांत रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते. म्हणून मनोविकारतज्ज्ञाला हृदयाच्या गोळ्यांची आणि हृदयरोगतज्ज्ञाला मनाच्या गोळ्यांची यादी दाखवावी. बरे वाटू लागले म्हणून औषध एकाएकी बंद करू नये.

तज्ज्ञ सगळीकडे उपलब्ध नसतात, ही अडचण खरी आहे. तिच्यावर गोव्यात शोधलेला उपाय जगभर अभ्यासला गेला. तेथील ‘संगाथ’ या संस्थेने स्थानिक, वैद्यकीय पदवी नसलेल्या व्यक्तींना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवले. सहा ते आठ भेटींत रुग्णाने सोडून दिलेली, पण एके काळी त्याला अर्थपूर्ण वाटणारी कामे एकेक करून पुन्हा सुरू करायची, एवढाच या पद्धतीचा गाभा. मनाला बरे वाटेल तेव्हा फिरायला जाऊ, असे नव्हे. फिरायला जाऊ, म्हणजे मनाला बरे वाटेल. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी अशा भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हृदयावरील परिणाम या अभ्यासात मोजलेला नव्हता. मात्र व्हूली यांच्या रुग्णांत जी गोष्ट सर्वाधिक घातक ठरली होती, तिच्यावरच हा उपाय बोट ठेवतो.

खर्चाचा प्रश्नही उरतोच. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा मे २०१८ पासून लागू झाला. शारीरिक आजारांसाठी ज्या धर्तीवर वैद्यकीय विमा दिला जातो, त्याच धर्तीवर तो मानसिक आजारांसाठीही द्यावा, असे बंधन त्याच्या कलम २१ ने विमा कंपन्यांवर घातले आहे. तथापि आरोग्य विम्याच्या बऱ्याच पॉलिसी मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यानंतरचा खर्च देतात. समुपदेशनाच्या किंवा बाह्यरुग्ण विभागातील भेटींचा खर्च मिळेल की नाही, हे पॉलिसीच्या अटींवर ठरते. नूतनीकरणापूर्वी त्या अटी वाचून घ्याव्यात. पूर्वी नैराश्यावर उपचार घेतले असतील, तर प्रस्तावपत्रात ते लपवू नयेत. अशी लपवाछपवी नंतर हृदयाच्या शस्त्रक्रियेचा दावा नाकारण्यासही निमित्त ठरू शकते.

ज्यांना डॉक्टरांकडे जाण्याआधी कुणाशी तरी बोलावेसे वाटते, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक. सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. मनात मरणाचे विचार येत असतील, तर रुग्णाने किंवा घरच्यांनी सकाळ होण्याची वाट न पाहता त्याच वेळी हा क्रमांक लावावा किंवा जवळच्या रुग्णालयात जावे. छातीत कळ आली तर कुणी सकाळची वाट पाहत नाही.